सरहद्दीवरचं गुप्तधन: खडे न्यावेत की सोनं-चांदी? (बील, बिठूर आणि १८७२ चे हिरे)

बखरकर

गुप्तधनाच्या गोष्टींत पेटी उघडली की मोहरा, चांदीच्या विटा आणि वर पसरलेली माणकं-पाचू असं सगळं एकत्र निघतं. पण एवढा ऐवज तिथवर आणला कसा, हा हिशोब सहसा कोणी करत नाही. म्हणून हा धागा. सुरुवात अमेरिकेतल्या बीलच्या खजिन्यापासून करतो, कारण त्या गोष्टीत धातू देऊन रत्नं घेतल्याचा स्पष्ट उल्लेख आहे, कारणासकट.

हकिगत थोडक्यात अशी. टॉमस बील आणि त्याचे साथीदार सांता फेच्या उत्तरेला सोनं-चांदी काढतात, दोन खेपांत ती व्हर्जिनियातल्या बेडफर्ड काउंटीत आणून पुरतात, आणि तीन सांकेतिक कागद मागे ठेवून नाहीसे होतात. १८८५ साली लिंचबर्गहून निघालेल्या पुस्तिकेतून हे सगळं बाहेर आलं. तीनपैकी दुसराच कागद आजवर सुटला आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातले शब्द क्रमाने मोजले की तो वाचता येतो. त्यातला ऐवज:

पहिली खेप, नोव्हेंबर १८१९: सोनं १०१४ पौंड, चांदी ३८१२ पौंड.
दुसरी खेप, डिसेंबर १८२१: सोनं १९०७ पौंड, चांदी १२८८ पौंड. शिवाय वाहतूक वाचावी म्हणून सेंट लुईसला चांदी देऊन घेतलेली १३,००० डॉलरची रत्नं.

सगळं लोखंडी झाकणांच्या लोखंडी भांड्यांत, जमिनीखाली सहा फूट.

गोष्ट खरी की बनावट यावर इथे आधीच बरीच रणं झाली आहेत, ती पुन्हा नकोत. माझा प्रश्न व्यवहाराचा आहे: चांदी देऊन रत्नं घेणं हा शहाणपणा होता का?

---

तोळामासा

आकडेमोड करून टाकतो. त्या काळी अमेरिकेचा टांकसाळ कायदा १७९२ चा होता, सोनं-चांदीचं गुणोत्तर १:१५. म्हणजे शुद्ध चांदी औंसाला १.२९ डॉलर आणि शुद्ध सोनं १९.३९ डॉलर. (२०.६७ हा प्रसिद्ध भाव १८३४ नंतरचा. तो इथे लावू नये. बरेच लोक लावतात.)

पौंड साधा, ४५३.६ ग्रॅमचा धरला तर एकूण सोनं १३२५ किलो, किंमत सुमारे ८,२६,००० डॉलर. एकूण चांदी २३१३ किलो, किंमत सुमारे ९६,००० डॉलर.

म्हणजे वजनात चांदी ६४ टक्के आणि किमतीत जेमतेम १० टक्के. वाहतुकीचं दुखणं होतं ते चांदीचं.

आता १३,००० डॉलरची चांदी म्हणजे सुमारे ३१३ किलो. सेंट लुईसला तिचं सोनं घेतलं असतं तर २१ किलो झालं असतं. रत्नं घेतली तर किती? अठराव्या शतकाच्या मध्यापासून लंडनच्या जवाहिऱ्यांत एक ढोबळ हिशोब चालायचा: एक कॅरेटचा पैलू पाडलेला हिरा ८ पौंड स्टर्लिंग, आणि पुढे वजनाच्या वर्गाने किंमत. पाच कॅरेटचा एक हिरा म्हणजे २५ गुणिले ८, २०० पौंड. १३,००० डॉलर म्हणजे अंदाजे २८०० पौंड. एकेक कॅरेटचे घेतले तर ३५० हिरे, वजन ७० ग्रॅम. पाच-पाच कॅरेटचे घेतले तर चौदाच हिरे, १४ ग्रॅम.

३१३ किलो, २१ किलो, १४ ग्रॅम. पण यातली मोठी उडी पहिलीच आहे. चांदीचं सोनं केलं की २९२ किलो ओझं उतरतं. सोन्याची रत्नं केल्यावर उतरतात फक्त २१. माझं मत: सोनं मिळत असताना रत्नं घ्यायचं वाहतूक हे कारण पुरेसं नाही.

---

खोगीरभरती

खेचरांच्या भाषेत सांगायचं तर एक खेचर लांबच्या पल्ल्यावर ९० ते ११० किलो नेतं. ९० किलो धरले तर पहिल्या खेपेला २४ खेचरं, दुसरीला १६. रत्नांनी वाचवली साडेतीन.

पण खेचरांची संख्या हा सोपा भाग झाला. धातूची खरी अडचण आकारमानाची आहे, आणि ती उलटी आहे: माल फार लहान होतो. ४५ किलो चांदी म्हणजे ४.३ लिटर. ४५ किलो सोनं म्हणजे अडीच लिटरच्याही आत. एवढं वजन एवढ्याशा जागेत बरगडीवर आलं की खोगिराखाली एकाच ठिकाणी दाब पडतो, तीन-चार दिवसांत पाठ सोलते आणि जनावर बसतं. मेक्सिकोतले खेचरवाले म्हणून लाकडी खोगिराऐवजी गवत भरलेली चामड्याची जाड गादी वापरत आणि दोन्ही बाजूंचे बोजे काटेकोर सारख्या वजनाचे बांधत. एका बाजूला दोन-तीन किलो जास्त झाले तरी उतारावर सगळा भार फिरून पोटाखाली जातो. कच्च्या चामड्यात ओलं असताना बोजा शिवला की वाळताना ते आवळतं आणि आतला माल हलत नाही. हलणारी वीट रस्ताभर चामडं कापत राहते.

शिवाय रोज रात्री भार उतरवायचा आणि पहाटे चढवायचा. २४ खेचरं म्हणजे ४८ बोजे, रोज ९६ वेळा ४५ किलो उचलायचे. त्यात एक बोजा नदीत गेला तर तो बुडी मारून काढावा लागतो. चांदी आहे म्हणून सोडूनही देता येत नाही.

गाडी म्हणाल तर एका खेपेचा माल दोन मालवाहू घोडागाड्यांत मावतो, पण गाडीला वाट लागते, आणि वाटेवर चाकोऱ्या राहतात. ज्याला लपवायचं आहे त्याला चाकोरी परवडत नाही.

---

सराफकट्टा

@तोळामासा, आकडे बरोबर, पण तुम्ही विक्रीची बाजू सोडली. आणि खड्यांचं सगळं तिथेच अडतं.

सोनं कुठल्याही गावी कसोटीवर घासून दहा मिनिटांत त्याचा भाव ठरतो. तूट किती बसेल तेही आधी सांगता येतं. कॅलिफोर्नियात १८४९ नंतर खाणीवरची धूळ औंसाला १६ डॉलरला जायची. ती साधारण ८८ टक्के शुद्ध धरली तर टांकसाळीत तिचे १८ डॉलर वीस सेंटच्या आसपास झाले असते. म्हणजे डोंगरात, वजनकाटा दुकानदाराचा असताना, तोटा सुमारे १२ टक्के. (१८४८ मध्ये नाणंच नव्हतं तेव्हा याहून वाईट भाव गेले. आणि चिमूटभर धूळ म्हणजे एक डॉलर असा रिवाज असल्यामुळे गुत्त्यावर जाड बोटांचा माणूस ठेवत, असं सांगतात.) धुळीत पितळेचा कीस आणि वाळू मिसळायची चाल होती, पण फुंकर, लोहचुंबक आणि नायट्रिक आम्ल एवढ्यावर ती पकडता येते.

खड्याला असा तळभाव नाही. त्याची मोड होत नाही, अर्धा विकता येत नाही, आणि घेणाऱ्याला पारख नसेल तर तो घेतच नाही. पारख असेल तर समोरचा परका आहे आणि त्याला घाई आहे, हे त्याला आधी दिसतं. मोठा खडा न्यायला सोपा आणि विकायला कठीण, कारण तो घेऊ शकणारे चार-दोनच असतात आणि ते एकमेकांना ओळखतात.

किंमत वर्गाने वाढते हे फक्त लंडनचं नाही. मुंबईच्या मोती बाजारातला चवीचा (चव म्हणजे मोत्याची किंमत ठरवायचं माप) हिशोब तोच: टांकातल्या वजनाचा वर्ग गुणिले ३३०, भागिले मोत्यांची संख्या. (एक टांक म्हणजे २४ रती.) एक टांक वजनाचं एकच मोती असेल तर ३३० चव. सगळी मिळून तेवढ्याच वजनाची दहा मोती असतील तर ३३. चवीचा दर पाणी, गोलाई आणि रंग पाहून वेगळा ठरतो. म्हणून पळणारा माणूस मोठा दाणा उचलतो आणि पुढच्या गावी त्यालाच गिऱ्हाईक मिळत नाही.

सेंट लुईसबद्दल: १८२० च्या सुमारास हे साडेचार-पाच हजार वस्तीचं, फरच्या कातड्यांच्या व्यापाराचं गाव. तिथे एका माणसाला १३,००० डॉलरची रत्नं विकण्याइतका साठा कोणाकडे असावा हेच मला खटकतं.

---

अनुष्टुभ

@सराफकट्टा, एक गोष्ट तुमच्या विरुद्ध जाते. १८१९ ला अमेरिकेत मोठी मंदी आली, पश्चिमेकडे नाण्याचा दुष्काळ पडला आणि मिसुरीतल्या बँका बुडाल्या. अशा वेळी रोकड चांदी घेऊन आलेल्या माणसाचं पारडं जड. कोणाच्या घरचे दागिने, व्यापाऱ्याकडे गहाण पडलेला ऐवज, असं स्वस्तात निघालं असणं शक्य आहे. तेव्हा १३,००० ही घेतलेली किंमत की बाजारभाव, हे कागदात नाही. घाईत विकणारा दुसरा असेल तर खडे घेणारा फायद्यात.

---

सराफकट्टा

मान्य. पण मग ते वाहतूक वाचवणं राहत नाही, तो सट्टा झाला. आणि तसं असेल तर पुरून कशाला ठेवायचं? स्वस्तात घेतलेला खडा फिलाडेल्फियाला नेऊन विकायचा.

---

दगडधोंडे

सरहद्दीवर खड्यांची पारख किती अवघड, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण १८७२ चं आहे. त्यात फसलेले लोक अडाणी नव्हते.

फिलिप अर्नोल्ड आणि जॉन स्लॅक या दोघांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या धनिकांना, त्यात बँक ऑफ कॅलिफोर्नियाचे विल्यम राल्स्टन होते, पटवलं की रॉकी पर्वतात हिऱ्यांची खाण सापडली आहे. अर्नोल्ड आधी एका डायमंड ड्रिलच्या कंपनीत कामाला होता, त्यामुळे औद्योगिक कच्चे हिरे त्याच्या ओळखीचे. पुढे लंडनहून हलक्या प्रतीचा कच्चा माल आणला. दक्षिण आफ्रिकेतले हिरे १८६७ नंतर निघू लागले होते, त्यामुळे असा माल स्वस्त मिळत होता. तो वायव्य कोलोरॅडोतल्या एका पठारावर खडकांच्या फटींत आणि मुंग्यांच्या वारुळांत पेरला. न्यूयॉर्कला चार्ल्स टिफनींनी नमुन्याची किंमत दीड लाख डॉलर सांगितली. खरेदीची किंमत त्याच्या आसपासही नव्हती. कारण साधं होतं: त्यांच्याकडचे लोक पैलू पाडलेल्या हिऱ्यांतले, कच्च्या दगडाशी त्यांचा संबंध नव्हता. खाणतज्ज्ञ हेन्री जॅनिन यांनीही जागा पाहून पसंती दिली.

उघडं पाडलं क्लॅरन्स किंग या भूवैज्ञानिकाने, ऑक्टोबर-नोव्हेंबर १८७२ मध्ये. त्याची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. त्याने खड्यांकडे कमी आणि जमिनीकडे जास्त पाहिलं. खडे फक्त ढवळलेल्या मातीत. ज्या वारुळात खडा, त्याच्या कडेला काठीने पाडलेलं भोक. ज्याला भोक नाही त्यात खडा नाही. ओढ्याच्या तळाशी, जिथे जड खनिज साठायला हवं, तिथे खोल खणूनही काही नाही. आणि हिरा, माणिक, नीलम, पाचू सगळे एकाच पठारावर. हे सगळे खडे एकत्र तयारच होत नाहीत. हिरा येतो खूप खोलून वर आलेल्या विशिष्ट खडकातून, पाचूला बेरिलियम लागतं, माणकाला सिलिका कमी आणि ॲल्युमिनियम जास्त असलेला खडक लागतो.

यावरून दंतकथांसाठी एक चाचणी: एकाच 'हरवलेल्या खाणीतून' हिरे, माणकं आणि पाचू असं सगळं निघालं असं कोणी सांगत असेल तर ती खाण नाही, कोणाचं तरी दप्तर आहे.

सोन्याच्या खाणीतही पेरणी होत असे, बंदुकीतून सोन्याची धूळ खडकावर मारून. पण तिथे नमुना जाळून धातू काढला की कस कळतो, आणि दुसऱ्या जागचा नमुना घेतला की लबाडी कळते. दीड लाखाची चूक होत नाही.

---

रात्रपाळी

वाखुसा (वाचनखूण साठवली). वारुळाला भोक पाडायचं सुचलं त्या माणसाला, धन्य.

अवांतर: आपल्याकडे पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं म्हणतात. त्याला खडे दिसतात का फक्त धातू?

---

बखरकर

@रात्रपाळी, पायाळूंचं माहीत नाही. पण आपल्या इतिहासातलं एक प्रकरण या धाग्याला बीलपेक्षा जास्त लागू पडतं. ते खरं आहे आणि तेही सरहद्दीवरचं: नानासाहेब पेशव्यांचा बिठूरचा ऐवज.

दुसरे बाजीराव १८१८ नंतर सालाना आठ लाखांच्या पेन्शनीवर बिठूरला राहिले आणि १८५१ ला वारले. जुलै १८५७ ला कानपूर हातचं गेल्यावर नानासाहेबांना बिठूर सोडावं लागलं. ऐवजाचे सरळ दोन भाग पडले. जड सामान, म्हणजे सोन्या-चांदीची भांडी आणि नाणं, विहिरीत गेलं. डिसेंबर १८५७ ला इंग्रजी फौज बिठूरला आली, विहीर उपसली आणि लाखांचा माल वर काढला. जवाहीर मात्र गंगेपार गेलं, आणि पुढे अवधमधून नेपाळच्या तराईत.

तराईत काय झालं ते विशेष. नानासाहेबांवर इंग्रजांचं एक लाखाचं इनाम. हुंडी चालण्याचा प्रश्नच नाही, कारण हुंडी पेढीच्या पतीवर चालते आणि बंडखोराची हुंडी वटवणारा सावकार दुसऱ्या दिवशी फासावर. मुलूख मलेरियाचा, धान्य महाग. खडे घेणारा एकच माणूस: नेपाळचा पंतप्रधान जंगबहादूर राणा. मोती, हिरे आणि पाचूंचा तो प्रसिद्ध नौलखा हार त्याने घेतला. नेपाळविषयीच्या जुन्या इंग्रजी लेखनात त्याची दिलेली किंमत ९३ हजार रुपये येते. पुढे हा हार राणा घराण्याकडून दरभंग्याच्या महाराजांकडे गेला. पेशवे घराण्यातल्या बायकांना काठमांडूत आसरा मिळाला, त्यामागे हे जवाहीर होतं हे उघड आहे.

म्हणजे धातू नेता आला नाही म्हणून गेला. खडे नेता आले, पण विकताना गेले.

---

तोळामासा

याचंही वजन करू. कंपनीचा १८३५ नंतरचा रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम. नऊ लाख रुपये म्हणजे साडेदहा टन. दीडशे हत्ती लागणार नाहीत, पण शंभरावर खेचरं नक्की लागतील. पंधरा रुपयांची मोहर तेवढ्याच वजनाची, म्हणून तेच पैसे सोन्यात ७०० किलो. हार एका माणसाने वासणीत घालून कमरेला बांधला की झालं.

आणि ९३ हजार रुपये हातात पडले ते चांदीतच असतील तर १०८५ किलो. म्हणजे खडे विकल्याबरोबर पुन्हा दहा-बारा खेचरांचं ओझं गळ्यात. पळणाऱ्या माणसाला हार एकदम विकणं परवडत नाही ते यासाठीही. तो तुकड्या-तुकड्याने, एकेक खडा उपटून विकायला हवा. पण नौलख्यासारख्या दागिन्यातला खडा कुठलाही जवाहिरी ओळखणार.

---

सराफकट्टा

नऊ लाखाचा माल ९३ हजाराला, म्हणजे दहा टक्क्यांना गेला, असं वाक्य यावरून कोणीतरी लिहील, म्हणून आधीच सांगतो: ते बरोबर नाही. 'नौलखा' हे मानाचं नाव आहे, पावती नाही. दागिन्यांना, बागांना, वाड्यांना सगळीकडे हे नाव लावलेलं दिसतं. हाराची खरी किंमत काय होती ते नावावरून काढू नये. घेणारा एकच असताना विकणाऱ्याला भाव बोलता येत नाही, एवढंच यावरून म्हणता येतं, आणि तेवढं पुरेसं आहे.

धातूच्या बाजूने एक उलट उदाहरण. १७६० ला दिल्लीत सदाशिवरावभाऊंनी दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून सुमारे नऊ लाख रुपये पाडले. फौजेचा पगार थकलेला होता. तिथे छताऐवजी तेवढ्याच किमतीची रत्नं हाती लागली असती तर शिपायांना काय वाटणार होते? चांदी उतरवली, आटवली, ठसा मारला, वाटली. नऊ लाखांचे तुकडे एका महिन्यात पाडता येतात, हा धातूचा गुण ओझ्यापेक्षा मोठा ठरतो.

---

दगडधोंडे

पुरून ठेवायचं असेल तर कोणता ऐवज टिकतो यावर:

मोती सगळ्यात वाईट. ते कॅल्शियम कार्बोनेट आणि सेंद्रिय थर यांचं असतं. आम्लधर्मी मातीत झीज होते, कोरड्या उष्ण जागी थर सुटतात, दोऱ्याचं तर नावच नको. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी पावसाळी मुलखात पुरलेल्या हंड्यातून पाणीदार मोती निघाल्याची गोष्ट ऐकली की मी ती बाजूला ठेवतो. ओपलमध्ये पाणी असतं, ते वाळलं की तडे जातात. पाचू कठीण पण ठिसूळ. बहुतेक पाचूंना आत भेगा असतात आणि त्या तेलाने झाकलेल्या असतात. काही दशकांत तेल सुकतं आणि खडा पांढुरका दिसतो. माणिक-नीलम जवळजवळ अजर. हिरा मातीत टिकतो, पण पेटीत सुटा ठेवला तर बाकीच्या सगळ्या खड्यांना ओरखडतो. म्हणून जवाहिरे एकेक खडा वेगळ्या पुडीत बांधतात. दंतकथेतल्या हंड्यात मूठभर 'मिश्र रत्नं' असतील तर वरून पाहता हिरे चकाकतील, पाचू-मोत्यांच्या कडा गेलेल्या असतील.

आगीत: सोनं १०६४ अंशांना आणि चांदी ९६२ ला वितळते, पण गोळा शिल्लक राहतो. मोत्याचा चुना होतो, पाचू तडकतो. हिरा हवेत आठ-साडेआठशे अंशांना जळून चक्क वायू होतो. गाडी जाळून लुटारू पळाले, या प्रकारच्या गोष्टीत राखेतून हिरे वेचणारे वीर असतात. त्यांना हे सांगावं.

चांदी मातीत काळी पडते, क्षारयुक्त जमिनीत तिच्यावर क्लोराइडचा जाड थर चढतो आणि पातळ नाणी ठिसूळ होतात. सोन्याला काही होत नाही.

---

खोगीरभरती

ओढ्यात सांडलं तर?

---

दगडधोंडे

घनतेवर जातं. नदीची वाळू २.६५. सोनं १७ ते १९, एकदम तळाच्या खडकाच्या फटीत जाऊन बसतं आणि तिथेच सापडतं. माणिक-नीलम ४, हिरा ३.५२. परातीत सावकाश धुतलं तर तेही खाली राहतात. पाचू २.७, म्हणजे वाळूइतकाच. तो वाळूबरोबर वाहून जातो. पाचूची पिशवी ओढ्यात फुटली तर परातीने शोधणं व्यर्थ, चाळून हाताने निवडावं लागेल.

---

अनुष्टुभ

शोधण्याचा मुद्दा निघाला म्हणून: मेटल डिटेक्टरला खडा दिसत नाही. साधा हाती डिटेक्टर नाण्याएवढी वस्तू वीस-तीस सेंटिमीटरवर पकडतो, मोठा हंडा मीटरभर खोल असला तर दोन पेट्यांचा वेगळा प्रकार लागतो. बीलची भांडी मात्र लोखंडी आणि डझनावारी असायला हवीत. सहा फुटांवरचं एवढं लोखंड मॅग्नेटोमीटरला ठळक दिसतं. मडक्यात घालून पुरलेले सुटे खडे यातल्या कशालाच दिसत नाहीत.

लपवण्याचा विचार केला तर हा खड्यांचा खरा फायदा आहे, वजनाच्याही वर. १६२२ ला फ्लोरिडाजवळ बुडालेल्या 'अतोचा' या स्पॅनिश जहाजाच्या मालयादीत चांदी-सोनं नोंदलेलं होतं, पण वर आलेले कोलंबियाचे पाचू यादीत नव्हते. राजाचा पाचवा हिस्सा चुकवायला चांदीची वीट लपत नाही, खडा लपतो.

(आणि इथे वाचून कोणी फावडं उचलणार असेल तर: भारतात १८७८ चा निखात निधी कायदा अजून आहे. जमिनीत दडवलेलं दहा रुपयांवरचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. खडेही त्यात येतात.)

---

खोगीरभरती

वजन हा दोष नसून संरक्षण, याचंही उदाहरण आहे. कॅलिफोर्नियातल्या पॅनामिंटला १८७० च्या दशकात विल्यम स्टुअर्ट यांची चांदीची खाण होती आणि आजूबाजूला दरोडेखोरांचा सुळसुळाट. तेव्हा चांदी नेहमीच्या विटांत न ओतता सुमारे चारशे पौंडांच्या ठोकळ्यांत ओतली आणि उघड्या गाडीतून पाठवली, अशी गोष्ट सांगतात. १८० किलोचा ठोकळा घोड्यावर चढत नाही, आणि कुऱ्हाडीने तोडताही येत नाही, कारण चांदी मऊ असली तरी जाड ठोकळ्यात पातं रुतून बसतं. दरोडेखोराला भट्टी लागेल. ठोकळ्याचा आकडा सांगणाऱ्यागणिक वाढतो, पण युक्ती चोख आहे.

उलट टोक: फॉरेस्ट फेन यांनी २०१० च्या सुमारास रॉकीत लपवलेली पेटी. दहा इंची काशाची पेटी, मालासकट ४२ पौंड, म्हणजे १९ किलो. ऐंशीच्या घरातल्या माणसाने ती दोन फेऱ्यांत नेली. आत वजनाने बहुतांश सोन्याची नाणी आणि गोटे, खडे थोडे आणि दागिन्यांत जडवलेले. २०२० ला वायोमिंगमध्ये सापडली, २०२२ च्या लिलावात माल १३ लाख डॉलरच्या आसपास गेला. दहा वर्षं बर्फपाण्यात राहूनही नाणी नाणी म्हणूनच विकली गेली.

---

रात्रपाळी

एखाद्याकडे गारेत (गारगोटीच्या दगडात) अडकलेलं सोनं असेल, तर न फोडता आत किती आहे ते कळतं का? गोष्टींत नेहमी 'सोन्याने भरलेली गार' असते.

---

तोळामासा

कळतं, काटा आणि पाणी पुरे.

दगड कोरडा तोला. समजा १०० ग्रॅम. बारीक दोऱ्याने काट्याला टांगून पूर्ण पाण्यात बुडवा. भांड्याला कुठे टेकू नये, बुडबुडे झटकून टाका. समजा आता ८८ भरला. फरक १२ ग्रॅम, म्हणजे आकारमान १२ घन सेंटिमीटर. सगळी गार असती तर वजन १२ गुणिले २.६५, म्हणजे ३१.८ झालं असतं. जास्तीचं ६८.२ ग्रॅम सोन्यामुळे. शुद्ध सोनं धरलं तर भागा १९.३ वजा २.६५ ने, म्हणजे १६.६५ ने: ४.१ घन सेंटिमीटर, म्हणजे ७९ ग्रॅम. खाणीतल्या सोन्यात चांदी असते, घनता १७.५ धरली तरी उत्तर ८० येतं. फार फरक पडत नाही.

चुकतं कुठे? दगडाला पोकळ्या असल्या आणि त्यात हवा राहिली तर सोनं कमी दिसतं, म्हणून आधी तासभर पाण्यात ठेवा. आणि गारेऐवजी लोहयुक्त जड खनिज असेल, किंवा सोन्याऐवजी गॅलेना (शिशाचं खनिज), तर सगळा हिशोब वाया. गॅलेनाची घनता साडेसात असते. आधी सुईने टोचून बघा: सोनं दबतं, गॅलेनाचे चौकोनी कपचे उडतात, पायराइटची पूड होते.

---

सराफकट्टा

शेवटी एक शंका, तोळामासांसाठीच. बीलच्या कागदात नुसतं 'पौंड' आहे. सोन्या-चांदीला ट्रॉय पौंड चालतो, १२ औंसांचा, ३७३ ग्रॅम. तुम्ही साधा धरलात. किती फरक पडेल?

---

तोळामासा

ट्रॉय धरला तर सोनं १०९० किलो, चांदी १९०४ किलो. किंमत सोन्याची ६,८०,००० च्या आत, चांदीची ७९,००० डॉलर. दोन्ही खेपा मिळून ४० ऐवजी ३३ खेचरं. रत्नांची ओळ बदलत नाही, कारण ती डॉलरमध्ये दिली आहे: ३१३ किलो चांदी, साडेतीन खेचरं. फक्त दुसऱ्या खेपेत १६ ऐवजी १३ खेचरं होतात, त्यामुळे साडेतीनचं महत्त्व किंचित वाढतं.

पण दुसऱ्या खेपेला शिल्लक राहिलेली १२८८ पौंड चांदी? रत्नं घेऊनही ती सेंट लुईसहून पुढे व्हर्जिनियापर्यंत वाहिलीच. ट्रॉय पौंडाने ४८० किलो, किंमत २०,००० डॉलर. वाहतूक वाचवायची होती तर ही आधी विकायला हवी होती, आणि त्याचं कारण मला कागदात कुठेच सापडत नाही.